डिस्क ठीक आहे, वाटेचं काय?

(दृश्य: वाळूज औद्योगिक वसाहत, भर दुपार, मग सर्व्हर रूमचं दार)

बाहेर मे महिन्याचं ऊन, आत स्वेटर घातलेली माणसं. रॅकमधले हे दोन सर्व्हर म्हणजे इथलं क्लस्टर. एक पडला की त्याचं काम दुसऱ्यानं उचलायचं.

(दृश्य: नारिंगी तारा)

या फायबरच्या तारा. प्रत्येक सर्व्हरला दोन कार्डं, पुढं दोन स्विच, पलीकडे स्टोरेजचे, म्हणजे डिस्क ठेवलेल्या कपाटाचे, दोन कंट्रोलर. स्टोरेजचं कपाट उघडून दाखवायला परवानगी मिळाली नाही. पण हिशेब सोपा आहे. दोन कार्डं गुणिले दोन कंट्रोलर, म्हणजे एका डिस्ककडे जायला चार वाटा. संभाजीनगरकरांना हे वेगळं सांगायला नको: जायकवाडीचा नाथसागर भरलेला असला तरी जलवाहिनी फुटली की नळ कोरडा.

(दृश्य: काळा स्क्रीन, टाइप करणारी बोटं)

रंगीत डॅशबोर्ड विकणारे इथं येतात, चहा पिऊन जातात. हे सर्व्हर सांभाळणाऱ्या ताई मात्र टाइप करतात: मल्टिपाथ (डिस्ककडच्या वाटा सांभाळणारा प्रोग्रॅम), जागा सोडून डॅश, एल, एल.

सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, लिनक्सला, एकच डिस्क चारदा दिसते: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई. चारही ठिकाणी ओळख क्रमांक एकच निघतो, म्हणून मल्टिपाथ त्यांची मोट बांधून ‘एमपाथए’ ही एकच डिस्क पुढं करतो. मागं मल्टिपाथडी हा त्याचा पहारेकरी प्रोग्रॅम सतत जागा असतो. प्रत्येक वाटेवरून तो डिस्कला विचारतो, तयार आहेस का? मूळ सेटिंगमध्ये सुरुवात दर ५ सेकंदांनी. वाट धड राहिली तर हे अंतर २० सेकंदांपर्यंत वाढतं.

आता ओळींची शेपटं बघा. दोन ओळींवर ‘अ‍ॅक्टिव्ह, रेडी, रनिंग’. दोन ओळींवर ‘फेल्ड, फॉल्टी’. आणि कारखान्यात कुणालाच पत्ता नाही, बिलं निघतायत. डिस्क दिसते म्हणून सगळं ठीक समजणाऱ्यांनी हा स्क्रीन जरा थांबवून बघावा.

मेलेल्या दोन्ही ओळींत सुरुवातीचा, म्हणजे कार्डाचा, आकडा सारखाच आहे, म्हणजे दोन्ही एकाच कार्डावरून निघालेल्या. तेवढ्यात शेजारून आवाज येतो, “ताई, दुसऱ्या नोडवर चारी रेडी दाखवायलंय.” (नोड म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर.) मग स्टोरेज आणि स्विच सुटले. उरलं या नोडचं कार्ड, त्याची तार, नाहीतर स्विचमधलं तिचं पोर्ट.

(दृश्य: तार बदलताना)

तार बदलली. ओळी ‘रेडी’ झाल्या. वाटा परत जोडून घ्यायचं काम मल्टिपाथडीनं स्वतःच केलं. दुसरं कार्डही गेलं असतं तर सेटिंगप्रमाणे डिस्कवर लिहिणं अडून राहिलं असतं किंवा एरर आली असती.

(दृश्य: दोन खिडक्या, दोन नोड)

हीच कमांड ताईंनी क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, लावली आहे. ‘फेल्ड’ दिसलं की मेल. दोन्ही नोडवर वेगवेगळी, कारण एका नोडच्या मल्टिपाथला दुसऱ्याच्या वाटा दिसत नाहीत.