छतावर वर्षाला किती युनिट? एप्रिल बघून हिशोब करू नका

बसा बसा, मागं खुर्च्या आहेत अजून. तर मंडळी, सोलरवाला घरी आला की सगळ्यात आधी काय सांगतो? "एका किलोवॅटला रोज पाच युनिट धरा." म्हणजे तीन किलोवॅटला पंधरा, वर्षाला 5,475 युनिट, आणि आपण तिथंच चहा पिता पिता बिल शून्य करून टाकतो. तो खोटं बोलत नाही हं, एप्रिलमध्ये कोल्हापुरात जवळपास तेवढे निघतात. पण जुलै पण कोल्हापुरातच येतो की, आणि आपला जुलै कसा असतो ते मी काय सांगायचं, त्या दिवसांत आपण पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी तासातासाला मोबाईलवर बघत बसलेलो असतो.

मग वर्षाचा आकडा काढायचा कसा, तर गणित अगदी सोपं आहे. पहिलं, ऊन किती पडतं. एका चौरस मीटर जागेवर दिवसभरात जेवढी ऊर्जा पडते ती किलोवॅट तासात, म्हणजे आपल्या युनिटमध्येच मोजतात, कोल्हापूर शहराला वर्षाची सरासरी धरली तर रोजचे साधारण 5.2. आता पॅनलचं रेटिंग काढतात ते चौरस मीटरला 1000 वॅट उन्हात, म्हणून हे 5.2 म्हणजे कडक उन्हाचे 5.2 तास असंच समजा. तीन किलोवॅट गुणिले 5.2 गुणिले 365, झाले 5,694. पण हे कागदावरचं, गाडीचं कंपनीनं सांगितलेलं ॲव्हरेज असतं ना तसलं. खरं ॲव्हरेज काढायला याला 0.75 नं गुणायचं, सिस्टीम चांगली असेल तर 0.8 नं. 0.75 नं गुणलं की 4,270 येतात. म्हणजे एका किलोवॅटला वर्षाला 1,400 च्या जरा वर, रोजचे चारच्या आतबाहेर.

ही पाव हिस्सा वीज जाते कुठं, तर सगळ्यात मोठा चोर म्हणजे उष्णता. लोकांना वाटतं ऊन जास्त तर वीज जास्त, उन्हाचं बरोबर आहे पण गरमीचं नाही. रेटिंग काढताना पॅनलच्या आतला सेल 25 डिग्रीला धरलेला असतो, आणि एप्रिलच्या दुपारी स्लॅबवरच्या पॅनलचा सेल सहज 60 ला जातो. दर डिग्रीला साधारण 0.35 टक्के वीज कमी होते, 35 डिग्रीचे झाले बारा टक्के. म्हणून पॅनल स्लॅबला किंवा पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालनं वारा खेळला पाहिजे. बाकी इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या डब्यात, दोन-चार टक्के, वायरमध्ये थोडं, आणि मग धूळ.

धुळीचं आपल्याकडं वेगळं प्रकरण आहे. साखर कारखाने आणि गुऱ्हाळं सुरू झाली की ज्यांचं घर जवळ आहे त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख बसते, तीच पॅनलवर बसते, आणि ती नेमकी नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आभाळ स्वच्छ असतं तेव्हा. पाऊस तर तेव्हा नसतोच धुवायला. आठ-पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, काच गार असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, काच तडकू शकते.

मघाशी त्या वहिनींनी विचारलं, "आमची टाकी दक्षिणेला आहे, चालंल का?" बघा, कोल्हापूर साधारण 16.7 अक्षांशावर आहे, म्हणून पॅनल दक्षिणेकडं तोंड करून पंधरा-सोळा डिग्री तिरका ठेवतात. मे च्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा तो आपल्या उत्तरेलाच असतो. त्यामुळं मे मध्ये छतावर चढून बघितलं तर टाकीची सावली पॅनलवर पडतच नाही, सगळं छान दिसतं, आणि डिसेंबरला सूर्य दक्षिणेला खाली गेला की तीच सावली लांब होऊन पॅनलवर येते. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली आली की फटका त्या एकापुरता राहीलच असं नाही. तेव्हा जागा ठरवायची तर डिसेंबरची सावली डोळ्यासमोर ठेवून. दिशेचं मात्र एवढं टेन्शन घेऊ नका, छप्पर पूर्व-पश्चिम असेल तर वर्षाला पाच-सहा टक्केच कमी मिळतात, नारळाचं झाड त्यापेक्षा जास्त खातं.

ज्यांना आपल्या घराचाच आकडा पाहिजे त्यांनी पीव्हीजीआयएस वापरा, युरोपियन कमिशनचं आहे, फुकट आहे, भारतासाठी पण चालतं. नकाशावर आपलं घर दाबायचं, किलोवॅट आणि तिरकेपणा टाकायचा, महिन्यावारी युनिट समोर. त्यात लॉस आधीच 14 टक्के भरलेला असतो, उष्णतेचं तो वेगळं कापतो, राखेच्या पट्ट्यातल्यांनी 14 चे 17-18 करा. आणि जिल्हा एक धरू नका, गगनबावड्याचा पावसाळा आणि शिरोळचा पावसाळा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शहरात तीन किलोवॅटला एप्रिलमध्ये रोज चौदाच्या आसपास, जुलैत सरासरी आठ-नऊ, आणि झड लागली की तीन-चार युनिटवर पण समाधान मानायचं. पाणी येणाऱ्या भागात राहत असाल तर 2019 च्या पुराची भिंतीवरची रेघ आठवा आणि इन्व्हर्टर तिच्या वर लावा. आणि लाईट गेली की बॅटरी नसलेलं सोलर पण बंद होतं, ऊन असलं तरी, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून.

आता पैशाचं. नेट मीटरिंगमध्ये एप्रिल-मे ला जास्तीचे युनिट महावितरणकडं जमा होतात आणि जुलै-ऑगस्टला वळते होतात, त्यामुळं पावसाळ्याची भीती निम्मी जाते. पण हिशोब 31 मार्चला बंद होतो, तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटला दर कमी मिळतो, आपण वीज घेतो त्या दरानं ते घेत नाहीत. स्थिर आकार तर भरायचाच. 2024 च्या सूर्य घर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 सबसिडी आहे म्हणून गल्लीत सगळे तीनच बसवायला लागलेत, पण दोनला पण 60,000 मिळतातच की. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो बारा महिन्यांचा जोडा. महिन्याला 200 युनिट असेल तर वर्षाला 2,400, आणि दोन किलोवॅट देतं 2,800 च्या वर. तीन बसवलं तर जवळजवळ 1,900 युनिट स्वस्तात द्यायला लागणार. हां, घरात इंडक्शन येणार असेल, पोरगा रोज तीस किलोमीटर इलेक्ट्रिक स्कूटर फिरवणार असेल तर स्कूटरचेच वर्षाला साडेतीनशेच्या आसपास धरा, एसी घेणार असाल तर त्याचे वेगळे, आणि मग तीनचा विचार करा.