ट्यूनाचं हृदय आणि सांडलेलं तेल

श्रोतेहो, नमस्कार. जरा दोन बोटं मनगटावर ठेवा. लागली नाडी? त्या एका ठोक्यापायी हृदयाच्या पेशीपेशीत क्षारांची ये-जा चाललेली असते. कॅल्शियम आत शिरलं की पेशी आकसते. पोटॅशियम बाहेर पडलं की पुढच्या ठोक्याला मोकळी होते. सगळं सेकंदभराच्या आत!

आता गोष्ट माशाची. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. 11 कामगार दगावले, आणि विहीर 87 दिवस समुद्रात तेल ओकत राहिली. नेमके ते ब्लूफिन ट्यूनाच्या विणीचे दिवस. ट्यूना म्हणजे आपल्या कोळणीच्या पाटीतल्या कुप्याचा भाऊबंद. हा ब्लूफिन मात्र अंगानं फारच दांडगा.

पुढे कॅलिफोर्नियात संशोधक बार्बरा ब्लॉक, फॅबियन ब्रेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्यूनाच्या हृदयातल्या पेशी सुट्या केल्या आणि त्या तेलाचा अंश उतरलेल्या द्रावणात ठेवल्या. 2014 साली निष्कर्ष छापून आले. पोटॅशियमची बाहेर पडायची वाट तुंबली होती, म्हणून दर ठोक्याला पेशीत उठणारा विजेचा झटका लांबला. कॅल्शियमची उलाढालही मंदावली, म्हणून आकसण्यातला जोर ओसरला. पेशी मेली नाही हो, तिचा ताल चुकला. मला विषापेक्षा हेच जास्त भयंकर वाटतं, कारण वरून काहीच दिसत नाही.

तेलात घटक शेकड्यांनी. त्यातला गुन्हेगार कोण? 2017 साली याच मंडळींनी बोट ठेवलं फेनान्थ्रीनवर, तीन कड्यांच्या एका रेणूवर. तो डिझेलच्या धुरातही असतो. आणि पोटॅशियमची तशीच वाट आपल्याही हृदयात आहे. नवं औषध बाजारात यायच्या आधी ते ही वाट अडवत नाही ना, हे तपासतात. तरी माशावरून थेट माणसावर उडी मारायला मी धजणार नाही. ती पेशी भांड्यात होती, आपण रस्त्यावर असतो.

अलास्कात 1989 साली एक्झॉन व्हॅल्डिझ हे तेलवाहू जहाज फुटलं, तेव्हापासून तिथल्या हेरिंग माशांच्या अंड्यांवर तेल काय करतं, याचा अभ्यास चालू आहे. अंडं पारदर्शक, त्यामुळे आतलं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतं. तेलाचा अगदी थोडा अंश लागलेली काही पिल्लं जगली, वाढली, दिसायला धडधाकट होती. पोहायला सोडली, तेव्हा मागे पडली.