समुपदेशक मॅडमचा गोपनीय अहवाल

नमस्कार श्रोतेहो.

दहावीच्या निकालात आपलं कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. त्यामुळे शाळेतल्या कुणाचंही काम मोजायचं म्हटलं की आपण आधी टक्केवारी विचारतो. शाळेतल्या मानसशास्त्रज्ञांना, म्हणजे आपण ज्यांना सरसकट समुपदेशक मॅडम म्हणतो त्यांना, ही पट्टी लागू पडत नाही. आणि मोजायची वेळ तर आलीच आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. माणूस नेमला की वर्षअखेरीला त्याचा गोपनीय अहवाल, म्हणजे त्याच्या कामावर वरिष्ठांनी लिहायचा शेरा, आलाच. त्यात लिहायचं काय?

सोपा मार्ग रजिस्टरचा. किती मुलं येऊन गेली, किती व्याख्यानं झाली, फोटो जोडले का. पण पहिल्या वर्षी येणाऱ्या मुलांचा आकडा फुगला, तर शाळा बिघडली असं समजू नये. मुलं बोलायला धजावली, असाही त्याचा अर्थ असतो.

त्यापेक्षा मॅडमनी लिहिलेला एखादा अहवाल, मुलाचं नाव झाकून, नीट वाचावा. सातवीतला मुलगा धरू. घरी मालवणी बोलतो, वाचताना अडखळतो, वही लपवतो. अहवालात ‘बुद्ध्यांक इतका, एकाग्रता कमी, पालकांनी लक्ष द्यावे’ एवढंच असेल, तर तो कागद फायलीला लावण्यापुरता. डोळे आणि कान तपासले का? वर्गात मागे बसून त्याला पाहिलं का? चाचणी कुठल्या भाषेत घेतली? आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातल्या पोराला मराठीतून शब्दांची चाचणी दिली आणि ‘मंद’ असा शिक्का मारला, तर नापास चाचणी घेणारा झाला.

आणि वर्गशिक्षिकेला सोमवारपासून करता येईल असं काही त्यात हवं. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावू नका, छापील कागद द्या. उत्तर तोंडी घ्या. सहा आठवड्यांनी तितकाच अवघड दुसरा उतारा वाचायला द्या. मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले, ते आधीच्या आकड्याशेजारी लिहा. हा आकडा मला चालतो. तो हलला नाही, तर आधी विचारावं, की सांगितलेलं वर्गात झालं का? नसेल, तर सगळा दोष मॅडमच्या माथी कशाला? मात्र अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडण्याची, शंका असताना तिच्या दाखल्याची धावपळ दहावीच्या तोंडावर सुरू झाली, तर तिथे जाब विचारायलाच हवा. ही अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, बोर्डाच्या सवलतीही आहेत.

हे तपासणार कोण? वेळेवर येणं, शिक्षकांशी जमवून घेणं, हे मुख्याध्यापकांनी पाहावं. चाचण्या आणि अहवाल त्याच विषयातल्या जाणत्या माणसाने. अमेरिकेतल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने या कामाची दहा क्षेत्रं ठरवली आहेत, आणि पाचशे मुलांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा अशी तिची शिफारस आहे. आपल्याकडे मात्र ‘कोण कोण येऊन रडलं, नावं सांगा’ असं वरिष्ठ विचारतात, आणि मॅडम गप्प राहिल्या की ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा बसतो. जिवाला धोका असेल तेव्हा सांगायलाच हवं, पण एरवी त्या गप्प राहण्याला खरं तर जास्तीचे गुण द्यावेत.

राहिल्या आपल्या वाड्यावाड्यांवरच्या शाळा. तिथे पट शंभराच्या आत, म्हणून बाहेरच्या तज्ज्ञांशी कायमची जोडणी ठेवायची, असं न्यायालयाने सांगितलं आहे. म्हणजे त्या तज्ज्ञ बाईंनी एसटीने यायचं, घाट चढायचा, पावसात दरड कोसळली तर परत फिरायचं. त्यांच्या अहवालात ‘भेट दिलेल्या शाळा’ हा रकाना ठेवणार असाल, तर शेजारी ‘प्रवासात गेलेले तास’ हाही ठेवा.