'देईन' की 'देत आहे'? कंपनीबरोबरचा संशोधन करार सही करण्याआधी

नमस्कार मंडळी. माझ्या हातात दोन कागद आहेत. हे साठेखत आणि हे खरेदीखत. फ्लॅट घेतलेल्या कुणालाही विचारा, साठेखतात विकणारा म्हणतो 'विकेन', आणि खरेदीखतात म्हणतो 'विकला'. नुसत्या साठेखतावर घर नावावर होत नाही. स्टॅनफर्डसारखं विद्यापीठ पेटंटच्या खटल्यात नेमकं इथेच अडकलं.

1988 साली मार्क होलोडनी हे संशोधक स्टॅनफर्डमध्ये रुजू झाले. तेव्हा त्यांनी लिहून दिलं की माझ्या शोधांचे हक्क विद्यापीठाला द्यायचं मी कबूल करतो. म्हणजे साठेखत. रक्तातला एचआयव्ही मोजायला त्यांना पीसीआर शिकायचं होतं. कोविडमुळे आपल्या घराघरात पोहोचलेलं हे तंत्र जन्मलं सीटस नावाच्या कंपनीत, म्हणून 1989 मध्ये ते तिथे शिकायला गेले. पाहुण्यांसाठी गोपनीयतेचा एक फॉर्म असतो ना, तसा कंपनीनं पुढे केला, त्यांनी सही केली. त्यात लिहिलं होतं, 'हक्क देईन आणि याद्वारे देत आहे.' हे झालं खरेदीखत.

पुढे सीटसचा पीसीआरचा व्यवसाय रोश कंपनीकडे गेला. एचआयव्ही मोजण्याच्या पद्धतीचं आमचं पेटंट मोडलं म्हणून स्टॅनफर्डनं 2005 मध्ये रोशवर दावा लावला, तेव्हा रोशनं तो फॉर्म काढून दाखवला. अपील कोर्टानं 2009 मध्ये फॉर्मवरचं 'देत आहे' ग्राह्य धरलं. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. स्टॅनफर्डचं म्हणणं होतं, संशोधनाला सरकारी पैसा होता, त्यामुळे 1980 च्या बे-डोल कायद्यानं हक्क आपोआप आमचे. 2011 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी कोर्टानं ते नाकारलं. शोध मुळात शोधणाऱ्याचा, विद्यापीठाला तो त्याच्याकडून रीतसर लिहूनच घ्यावा लागतो.

म्हणून वाटाघाटीला बसण्याआधी आपलंच कपाट उघडा. तुमच्या प्राध्यापकांनी नेमणुकीच्या वेळी काय लिहून दिलंय? 'देईन' असेल, तर कंपनीशी बोलण्याआधी ते दुरुस्त करून घ्या.

आता दुसरा शब्द, 'संमती'. माझ्या मते हा जास्त घातक आहे, कारण यात रुग्ण भरडले जातात.

1987. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेटी डोंग यांनी एका कंपनीकडून सुमारे अडीच लाख डॉलर घेऊन अभ्यास हाती घेतला. सिंथ्रॉइड ही थायरॉइडची महागडी गोळी इतर गोळ्यांपेक्षा सरस आहे का, हे बघायचं होतं. 1990 मध्ये उत्तर आलं, स्वस्त गोळ्याही तितक्याच चांगल्या. पण करारात एक ओळ होती: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय निष्कर्ष छापायचे नाहीत. कंपनीनं अभ्यासात चुका काढायला सुरुवात केली. 1995 च्या जानेवारीत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये पेपर येणार होता. अंकाला दोन आठवडे उरले असताना तो मागे घ्यावा लागला, कारण कंपनीनं खटला भरला तर तुमचं तुम्ही बघा, असं विद्यापीठाच्या वकिलांनी सांगितलं. पेपर छापून आला एप्रिल 1997 मध्ये. सात वर्षं! तोवर लोक महागडी गोळी घेतच होते.

मग कंपनीला छापण्याआधी काहीच दाखवायचं नाही का? दाखवायचं. तिची भीती खरी असते. तिची गुपितं पेपरमध्ये जाऊ शकतात. शिवाय आपल्याकडे पेटंटचा अर्ज करण्याआधी शोध छापला, तर पेटंट बहुतेक हातचं जातं. म्हणून मसुद्यात जिथे 'संमती' दिसेल तिथे रेघ मारा आणि 'अभिप्राय' लिहा. पेपर पाठवण्याच्या 30 दिवस आधी कंपनीला द्या. तिनं स्वतः दिलेली गोपनीय माहिती ती काढायला सांगू शकते, निष्कर्ष मात्र नाही. पेटंट करायचं असेल तर आणखी 60 दिवस थांबा. त्यानंतर पेपर जाणार, परवानगी मागायची नाही. हे दिवस लेखी हवेत. 'वाजवी मुदतीत' असलं काही चालवून घेऊ नका.

पैशांचं बोलणं लांबतं, पण तिथे फार गुंता नसतो. ओव्हरहेड, म्हणजे जागा, वीज, कार्यालय असा संस्थेचा वरखर्च, धरा, हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, निकाल कंपनीला आवडला की नाही याच्याशी बांधू नका.

एक माणूस मात्र त्या टेबलावर नसतोच. पीएचडी करणारी मुलगी. सही कुलसचिवांची, शब्द गाईडचा, आणि चार वर्षं प्रयोग तिचे. तिचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर, जायचा असतो आणि करार म्हणतो सगळं गुप्त. म्हणून हे वाक्य घालून घ्याच: 'विद्यार्थ्याचा प्रबंध सादर करणे, मौखिक परीक्षा आणि पदवी यांना या करारातील कोणतेही कलम अडथळा ठरणार नाही.' कंपनी अडून बसली, तर त्या प्रकल्पावर विद्यार्थी घेऊ नका. पगारी प्रोजेक्ट असोसिएट नेमा, आणि त्याचा पगार करारातच धरा.