कोकमाचा रंग आणि दाबाखालचा वायू

मंडळी, विषय सुपरक्रिटिकल, म्हणजे द्रव आणि वायू यांच्यातला भेद मिटलेल्या, कार्बन डायऑक्साइडने बारीक भुकटी कशी करतात हा आहे, पण आधी कोकमाचं बोलू द्या. कोकम पावडरचा डबा फोडा आणि पाऊस लागू द्या. आठवड्यात ढेकूळ होतं, चमच्याने खरवडावं लागतं. जिभेवर आधी माल्टोडेक्स्ट्रिनचा, म्हणजे स्टार्चपासून केलेल्या पुडीचा, पिठूळपणा येतो, आंबटपणा मागाहून. स्प्रे ड्रायरमध्ये रसाचा फवारा दीडशे-दोनशे अंशांच्या हवेत सोडतात. साखर आणि आम्लं असलेला रस एकटा वाळत नाही, यंत्राच्या भिंतीला चिकटतो, म्हणून ते माल्टोडेक्स्ट्रिन. आणि कोकमाचा लाल रंग, म्हणजे अँथोसायनिन, उष्णतेने उतरतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ! मला हे फार लागतं.

आता माझी आवडती गोष्ट. 1822. फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर या शास्त्रज्ञाने बंदुकीच्या नळीच्या तुकड्यात अल्कोहोल आणि गारगोटीची गोळी घातली, तोंड बंद केलं, नळी तापवली आणि हलवून कान देऊन ऐकलं. गोळी द्रवात आपटल्याचा आवाज एका तापमानाला थांबला. द्रव आणि वाफ यांच्यातली सीमाच उरली नव्हती! आत बघता येत नव्हतं, म्हणून ऐकलं. नंतर त्याने काचेच्या नळ्याही वापरल्या. पुढे 1879 साली हॅने आणि होगार्थ या दोन शास्त्रज्ञांना दिसलं, की अशा अवस्थेतलं अल्कोहोल क्षार विरघळवतं आणि दाब एकदम उतरवला की ते क्षार हिमासारखे खाली पडतात. भुकटीचं सगळं शास्त्र त्या हिमात आहे.

कार्बन डायऑक्साइडला ही सुपरक्रिटिकल अवस्था यायला 31 अंश आणि साधारण 74 बार दाब, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 74 पट, पुरतो. 31 अंश! व्हरांड्यातलं कार्बन डायऑक्साइडचं भरलेलं अग्निशामक नळकांडं मे महिन्याच्या दुपारी आत सुपरक्रिटिकलच असतं. टाळ्या थांबवा, चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली.

तर भरभर सांगतो. पहिली रीत अशी, की पदार्थ या वायूत विरघळवायचा आणि बारीक नोझलमधून बाहेर सोडायचा. दाब पडला की विद्राव्यता क्षणात कोसळते, कण मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, घरात येतात, कधी त्याहूनही लहान. पण कोकमाचा रंग या वायूत विरघळतच नाही. मग उलटी रीत घ्यायची: रंग अल्कोहोलमध्ये काढायचा आणि त्याचा फवारा दाबाखालच्या वायूत मारायचा. वायू अल्कोहोल ओढून घेतो, रंग भुकटी होऊन खाली बसतो. तापमान चाळीस अंशांच्या आसपास, आणि माल्टोडेक्स्ट्रिन घालायची सक्ती नाही. पाणी मात्र आधी काढावं लागतं, कारण ते या वायूत फारसं मिसळत नाही. म्हणजे आगळ, कोकमाचा रस, चालणार नाही, वाळवलेल्या सालीपासून सुरुवात करायची. भुकटी ओल धरेलच, तेव्हा पॅकिंग हवाबंद हवं. खर्च जातो तो शंभर बार सोसणाऱ्या पोलादी भांड्यावर आणि पंपावर. वायू फिरवून पुन्हा वापरता येतो. एका घरगुती उद्योगाला हे झेपणार नाही, चार तालुक्यांच्या संस्थेला झेपेल. सालीचा अर्क काढायचं गणित विचारायचं असेल, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या.