सांताक्रूझची फुली

पार्ल्यात व्याख्यान द्यायचं म्हणजे मध्येमध्ये थांबावं लागतं. आत्ताही थांबलो, कारण विमान गेलं. तिथूनच सुरुवात करू.

बहुतेकांची समजूत अशी की आपल्या मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, तेव्हा एकीवर विमानं उतरत असणार आणि दुसरीवरून उडत असणार. तसं नाही. या पट्ट्या एकमेकींना छेदतात. 09/27 ही मुख्य, जवळपास साडेतीन किलोमीटरची. 14/32 ही तिला तिरकी कापणारी. हे आकडे दिशेचे आहेत. 27 म्हणजे होकायंत्रावरचे 270 अंश, पश्चिम. अशी फुली पडल्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच पट्टी चालते. समांतर पट्टी घालावी तर जागा कुठे? एकीकडे महामार्ग, दुसरीकडे कुर्ल्याची वस्ती, आणि मिठी नदी तर विमानतळाच्या पोटातूनच वाहते.

आणि तरीही डिसेंबर 2018 मध्ये इथे एका दिवसात 1,007 विमानांची ये-जा झाली. रात्र धरूनसुद्धा सरासरी 86 सेकंदांना एक! उतरलेलं विमान पट्टीवर जरा जास्त रेंगाळलं, तर मागच्याला जमिनीजवळ येऊन पुन्हा वर जावं लागतं. हे सगळं जुळवणारे हवाई वाहतूक नियंत्रक भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, म्हणजे सरकारी कर्मचारी आहेत. खासगीकरणानंतरही ते काम सरकारकडेच राहिलं. मला त्यांचा फार आदर वाटतो.

मालकीचं सांगतो. 2006 मध्ये विमानतळ चालवायला जीव्हीकेच्या नेतृत्वाखालील कंपनीकडे गेला. 2021 मध्ये व्यवस्थापन अदानी समूहाकडे आलं. आज 74 टक्के हिस्सा त्यांचा, 26 टक्के प्राधिकरणाचा. जमीन मात्र विकलेली नाही, ती भाडेपट्ट्यानं दिली आहे. करारानुसार महसुलाच्या शंभर रुपयांतले 38 रुपये 70 पैसे प्राधिकरणाला जातात, नफ्यातले नव्हे, महसुलातले. हा फरक लक्षात ठेवा.

आता नवी मुंबई. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालं, डिसेंबरात उड्डाणं सुरू झाली. तिथल्या आराखड्यात दोन समांतर पट्ट्या आहेत, फुली नाही. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठली. तिथेही 74 टक्के अदानी समूहाकडे, 26 टक्के सिडको या सरकारी महामंडळाकडे.

म्हणजे शहराचे दोन्ही हवाई दरवाजे एकाच हाती आहेत. एकीकडे महाग पडलं म्हणून दुसरीकडे गेलात, तरी पैसे त्याच घरी जाणार. अशा वेळी प्रवाशाच्या बाजूनं उरतो तो विमानतळ शुल्काचे दर ठरवणारा नियामक. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण दर ठरवण्याआधी मसुदा जाहीर करतं आणि हरकती मागवतं. पुढचा मसुदा येईल तेव्हा इथल्या चार जणांनी तरी तो वाचून लेखी हरकत पाठवावी. कागद समजून घ्यायला मी तुमच्याबरोबर बसेन.