कागदावरून भिंतीवर

(दृश्य: उत्तर नागपूर, इंदोरा. नुकताच चुना मारलेली भिंत.)

एप्रिल लागला की इथल्या गल्ल्यांमध्ये चुन्याचा वास येतो. १४ तारीख जवळ आलेली असते. निळे झेंडे, कमान, पताका, सगळ्यांची सोय वर्गणीतून होते. भिंतीवरच्या चित्राचा नंबर येईपर्यंत पैसे संपतात. हातात उरतो तो बाबासाहेबांच्या चेहऱ्याचा एक ए-४ प्रिंट. आणि भिंतीवर चेहरा हवा असतो तीन फुटांच्या वर. तोही एका भिंतीवर नाही, चार गल्ल्यांच्या चार भिंतींवर. म्हणून स्टेन्सिल, म्हणजे चेहऱ्याचा आकार कापून काढलेला कागद, ज्यातून रंग भिंतीवर उतरतो. एकदा कापली की कुणाच्याही हातून सगळीकडे तोच चेहरा उमटतो.

मोठी कशी करायची?

झेरॉक्सवाला ए-४ चं ए-३ करताना मशीनवर १४१ टक्के टाकतो. क्षेत्रफळ दुप्पट होतं, पण लांबी दीडपटही होत नाही. लांबी तिप्पट करायची तर नऊ ए-४ कागद जोडावे लागतात. पाचपट म्हणजे पंचवीस. जोडाजोडाला कागद केसभर सरकतो आणि बाबासाहेबांचा चष्मा तिरपा दिसायला लागतो. फुलापानांच्या नक्षीला हे चालून जातं, चेहऱ्याला नाही.

जुने बोर्ड पेंटर चौकटी पाडतात. चित्रावर एक सेंटिमीटरच्या, मोठ्या कागदावर पाच सेंटिमीटरच्या, आणि एकेक चौकट बघून रेघ उतरवायची. खात्रीची पद्धत आहे, पण तिला सरावाचा हात लागतो.

ज्याला चित्रकला येत नाही, त्याच्यासाठी मोबाइलचा टॉर्च आहे.

(दृश्य: रात्र. खोलीतला दिवा बंद. भिंतीवर टाचलेला मोठा खाकी कागद.)

स्टेशनरीच्या दुकानातून एक पारदर्शक ओएचपी शीट आणायची. प्रिंटवर ठेवून काळ्या मार्करनं चेहरा गडद भरायचा. टॉर्चपासून ३० सेंटिमीटरवर ही शीट आणि १५० सेंटिमीटरवर भिंत, की सावली बरोबर पाचपट. हिशेब एवढाच: टॉर्चपासून भिंतीचं अंतर भागिले टॉर्चपासून शीटचं अंतर.

"ताई, हालवून राहिली तू."

"मी कुठं? टॉर्च तुझाच हालून राहिला."

टॉर्च डब्यावर टेकवा, शीट खुर्चीच्या पाठीला चिमट्यांनी लावा. भांडण मिटतं. सावलीची कड धूसर दिसली, तर कारण प्रकाशाच्या ठिपक्याचा आकार. तीन मिलिमीटरच्या दिव्यानं या अंतरावर कड बारा मिलिमीटर पसरते. काळ्या चिकटपट्टीला सुईनं भोक पाडून ती दिव्यावर लावा. उजेड कमी होतो, कड ठसठशीत येते. काही मोबाइलना दोन दिवे असतात आणि सावल्याही दोन पडतात. त्यातला एक झाकायचा. शीट भिंतीला समांतर हवी, नाहीतर कपाळ रुंद आणि हनुवटी अरुंद होते.

आता पेन्सिलनं सावली गिरवायची. इथवर सोपं आहे. खरं डोकं लागतं ते यापुढे.

(दृश्य: कागदावर चष्मा. कॅमेरा जवळ.)

चष्म्याची ही फ्रेम बघा. फ्रेम काळी उमटायची, म्हणजे ती कापून काढायची. पण ती पूर्ण कापली की आतलं भिंग सुटून खाली पडतं. म्हणून कागदाच्या बारीक पट्ट्या ठेवाव्या लागतात, भिंगाला बाकीच्या कागदाशी बांधणाऱ्या. त्यांना आपण पूल म्हणू. बाजारच्या छोट्या स्टेन्सिलवर असा पूल दोन मिलिमीटरचा असतो. तोच पाचपट केला, तर एक सेंटिमीटरचा होतो आणि चष्मा तुटल्यासारखा दिसतो. पूल अगदीच बारीक केला तर तो फाटतो, कारण कागदाची जाडी तीच राहते आणि भिंगाचा तुकडा मात्र पंचवीसपट जड झालेला असतो.

ओएचपी शीटचा मोठा फायदा इथं आहे. तिथं पूल लागतच नाहीत, काळी शाई शीटवर चिकटूनच असते. म्हणून लहान चित्रात पूल काढूच नयेत. सावली गिरवून झाल्यावर, मोठ्या मापातच ठरवावेत. एका जाड पुलाऐवजी तीन बारीक पूल, पाठीमागून चिकटपट्टी लावून. रंग दिल्यावर उरलेल्या फटी ब्रशनं भरायच्या. हे पाच मिनिटांचं काम अनेक जण सोडून देतात, आणि मग वर्षभर त्या भिंतीवर तुटका चष्मा दिसतो. बाबासाहेबांच्या चेहऱ्याला तेवढी पाच मिनिटं द्यायलाच हवीत.

चेहऱ्याशेजारी अशोकचक्र काढायचं, तर त्याला टॉर्चही नको. खिळा, सुतळी आणि पेन्सिल पुरते. वर्तुळ काढा. त्याच त्रिज्येनं परिघावर खुणा करत गेलं की बरोबर सहा होतात. प्रत्येक भागाचे दोन, मग पुन्हा दोन, म्हणजे अशोकचक्राचे २४ आरे. निळं चक्र हवं असेल, तर आधी भिंतीवर पूर्ण निळा गोल रंगवा. स्टेन्सिलमध्ये आरे कापू नका, आऱ्यांमधल्या फाका कापा. वाळलेल्या निळ्यावर त्यातून पांढरा दिला की चक्र निळं उरतं, आणि आरेच पुलाचं काम करतात.

खाकी कागद ओला होऊन फुगतो. त्यावर उकळलेलं जवसाचं तेल चोळतात. जवस विदर्भात घरोघरी ओळखीचा आहे. कागद नीट वाळल्याशिवाय कापायचा नाही. तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापते आणि पेटूही शकते. उघड्यावर पसरून वाळवा.

(दृश्य: पहाट. भिंतीसमोर बहीण-भाऊ.)

नागपूरच्या एप्रिलमध्ये दुपारी रंग स्पंजवरच वाळतो, म्हणून काम उन्हाच्या आधी. स्पंज रंगात बुडवून तसाच लावायचा नाही. आधी रद्दीवर टिपायचा, मग भिंतीवर हलके थोपटायचा, कडेकडून आत. ओघळ कागदाखाली शिरला नाही, तर कड स्वच्छ येते.

चार भिंती झाल्या की स्टेन्सिल पुसून, सपाट, गादीखाली. १४ ऑक्टोबरला, १९५६ सालच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, दीक्षाभूमीवर येणाऱ्यांच्या वाटेवर याच वस्तीला आणखी एक भिंत रंगवायची आहे.